आउटलूकची फाइल ४६ जीबी झाली आहे, आता काय करावं?

शेवग्याची_शेंग

मंडळी, मदत हवी आहे. भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंग वर्कशॉपचं ऑफिस सांभाळते. खरेदी, डिस्पॅच, जीएसटी, कस्टमरचे फोन, सगळं एकाच टेबलावर. कंपनीच्या डोमेनवर एकच मुख्य ईमेल आहे. तो माझ्या पीसीवर आउटलूकमध्ये पीओपीने (सर्व्हरवरचे मेल पीसीवर उतरवून घ्यायची पद्धत) उतरतो, शिवाय शेठच्या मोबाइलवरही लावलेला आहे. माझ्याकडे २०१४पासूनचं सगळं एकाच पीएसटी फाइलमध्ये (आउटलूक पीसीवर मेल ठेवतं ती फाइल) साठलंय. ड्रॉइंग, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), शेड्यूल, रिजेक्शनचे फोटो, टेस्ट सर्टिफिकेट, काय वाट्टेल ते.

फाइल आज ४६ जीबीच्या वर दाखवते. आउटलूक उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. सर्च केलं की नुसतं गोल गोल फिरतं. परवा बसून सेल्सवाल्यांचे मेल, दिवाळीच्या शुभेच्छा, वेबिनारची आमंत्रणं असा बराच कचरा काढला, डिलीटेड आयटम्सही रिकामं केलं, पण फाइलची साइज तेवढीच! त्यात आता होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय की सर्व्हरवरचा मेलबॉक्सही ९० टक्क्यांच्या पुढे गेला आहे.

आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, "मॅडम, २०२०च्या आधीचं सगळं उडवा, नाहीतर फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो." शेठ म्हणतात एकही मेल जाता कामा नये. त्यांचंही चूक नाही. मागे एका कस्टमरने २०१६च्या पार्टची ऑर्डर पुन्हा काढली तेव्हा जुनं ड्रॉइंग मेलमध्येच सापडलं होतं. या दोघांच्या मध्ये मी. काय करू?

डिस्कवैद्य

ताई, आधी डिलीट करणं थांबवा. आणि त्या फॉरमॅटवाल्याला काही दिवस पीसीजवळ फिरकू देऊ नका.

तुम्ही अगदी काठावर आहात. आउटलूक २०१० आणि पुढच्या सगळ्यांत पीएसटीची मर्यादा ५० जीबी आहे, पण नवीन मेल घेणं त्याआधीच, ४७.५ जीबीला बंद होतं. वरची जागा आउटलूक स्वतःच्या आतल्या कामांसाठी राखून ठेवतं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम जीबी-दीड जीबी उरलाय. (२००३ आणि २००७मध्ये ही मर्यादा २० जीबी होती. त्याआधीच्या प्रकारात २ जीबी, आणि ती ओलांडली की फाइल उघडतच नसे. मग मायक्रोसॉफ्टने फाइलचा शेवटचा तुकडा कापून बाकीची उघडून देणारं एक टूल काढलं. कापलेल्या तुकड्यात जे होतं ते गेलं.) विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) आकडा बदलून मर्यादा वाढवता येते, यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. फाइल आणखी फुगेल आणि बिघडली की दुरुस्तीला आणखी जड जाईल.

कचरा काढूनही साइज तेवढीच का? मेल डिलीट झाला तरी फाइलमधली त्याची जागा नुसती 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. भाडेकरू गेला, पण खोलीचा ताबा काही सुटला नाही. तो सोडवायला अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, सेटिंग्ज आणि तिथे कॉम्पॅक्ट नाऊ. पण ते बटण आज दाबायचं नाही! एवढ्या फाइलवर ते तासन्‌तास चालतं, आणि भोसरीतली लाइट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आधी कॉपी, मग ती कॉपी खरंच उघडते का ते बघायचं, आणि त्यानंतर कापाकापी.

मला एवढं सांगा:
पीएसटी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि पीसीवर वनड्राइव्ह चालू आहे का?
पीओपीच्या सेटिंगमध्ये सर्व्हरवर कॉपी ठेवण्याला टिक आहे का? असेल तर किती दिवसांसाठी?
शेठच्या मोबाइलवर पीओपी आहे की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे तेच दाखवणारी पद्धत)?

बिनधास्त_बंड्या

कसलं टेन्शन घेता राव. मी दर ३१ मार्चला सिलेक्ट ऑल, डिलीट. ज्याला गरज असेल तो परत पाठवतो. आजवर कुणाचं काही अडलं नाही. (हलके घ्या)

आकडेमोडे

बंड्याशेठ, जीएसटीचा ऑफिसर परत पाठवत नाही, मागतो.

सीजीएसटी कायद्याच्या कलम ३६प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्न भरण्याच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. त्या वर्षाचं अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा वरची मुदत, यातलं जे नंतर येईल तोवर. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्याचं कलम १२८ आहे, ८ आर्थिक वर्षं. त्यामुळे "२०२०च्या आधीचं उडवा" हा सल्ला कॉम्प्युटरवाल्याने द्यायचा नसतो.

आता दुसरी बाजू. कायद्याला तुमचा इनबॉक्स नको आहे, रेकॉर्ड हवं आहे. पण आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत खरेदीचं बिल पीडीएफ म्हणून मेलला येतं, टॅलीत एंट्री होते आणि पीडीएफ मेलमध्येच राहतो. म्हणजे तो मेल हेच रेकॉर्ड झालं! माझ्या क्लायंटना मी एकच सांगतो: बिल, क्रेडिट नोट, बँकेची पत्रं त्या-त्या महिन्यात मेलमधून बाहेर काढून आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये टाका. ऐकतात निम्मेच, तो भाग वेगळा.

साक्षीपुरावा

आकडेमोडे यांना पूर्ण अनुमोदन, फक्त त्यात एक पाचर.

माझ्याकडे थकलेल्या बिलांची प्रकरणं येतात. पुरवठादार छोटा, खरेदीदार मोठा. एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे अडवता येत नाहीत, अडवले तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण माल कधी पोचला, कधी स्वीकारला, रिजेक्शनची तक्रार किती दिवसांनी आली, हे दाखवायला पुष्कळदा समोरच्या स्टोअर्समधल्या माणसाचा "मटेरियल रिसिव्हड, ओके" एवढा एक ओळीचा मेल असतो. तोच कचरा समजून उडवलेला असतो!

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्यातलं कलम ६३ बघतात, जुन्या कायद्यात हेच ६५ब होतं. सोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात आता फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण, मजकूर बदलला की तीही बदलते) भरायची असते. त्यामुळे मेलची नुसती प्रिंट काढून मूळ मेल डिलीट करणं म्हणजे हातातला पुरावा स्वतःच कमकुवत करणं. स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवलेली प्रतही कामाची नाही, मूळ हेडर (मेल कुठून, कधी, कसा आला त्याच्या नोंदी) त्यात येत नाहीत. मेल जसा आला तसाच, अटॅचमेंटसकट, ईएमएल किंवा एमएसजी फाइल म्हणून वेगळा सेव्ह करा. वादातल्या पार्टीचे मेल तरी नक्की.

शेवग्याची_शेंग

बाप रे, मी साइज कमी होण्याच्या आशेने आले होते, इथे कोर्ट निघालं!

डिस्कवैद्य, उत्तरं देते. फाइल डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलूक फाइल्स' नावाच्या फोल्डरात आहे. खाली निळा ढग दिसतो, त्यावर लाल फुली आहे. पीओपीमध्ये टिक आहे, १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा असं आहे. शेठच्या मोबाइलवर आयमॅप आहे.

कॉपी करायला घेतली. घरची एक्सटर्नल हार्डडिस्क आणली होती, ती टीव्हीला लावून पिक्चर बघायची आहे. त्यात तीनशे जीबी रिकामी आहे, तरी विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे, बसणार नाही. शेवटी डी ड्राइव्हवर कॉपी केली, ती झाली. म्हणजे पहिली पायरी झाली ना?

डिस्कवैद्य

नाही झाली. :)

डी ड्राइव्ह म्हणजे बहुतेक त्याच डिस्कचा दुसरा भाग. डिस्क मेली की सी आणि डी एकत्रच जातात. डेटा परत काढायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण "पण डीवर कॉपी होती" हेच सांगत येतात.

तुमची टीव्हीवाली डिस्क फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेली असणार, बऱ्याच टीव्हींना तेच लागतं. फॅट३२वर एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग डिस्क कितीही रिकामी असो. ऑफिससाठी वेगळी नवी डिस्क घ्या आणि ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट करा. पिक्चरची डिस्क घरीच राहू द्या. कॉपी करताना आउटलूक पूर्ण बंद हवं. खिडकी बंद झाली तरी ते मागे चालू राहतं, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की पीसीबरोबरच लॉक होते.

त्या लाल फुलीचं बघा. वनड्राइव्हने तुमचं डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतलंय आणि ४६ जीबीची फाइल त्याला गिळवत नाहीये. आउटलूक चालू असताना ही फाइल सतत बदलत असते, तिचा पिच्छा पुरवत बसायला वनड्राइव्ह बनलेलंच नाही. पीएसटी त्या फोल्डरातून बाहेर काढावी लागेल, पण तेही कॉपी झाल्यावरच. ऑफिसच्या सर्व्हरवर नेटवर्कने शेअर केलेल्या फोल्डरातही ठेवू नका, त्या पद्धतीला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही.

आता तुमच्या उत्तरांतलं सगळ्यात महत्त्वाचं. पीओपी सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स उतरवतं. सेंट, स्पॅम, ट्रॅश यांना ते हातही लावत नाही. तुमचं १४ दिवसांचं सेटिंग असूनही सर्व्हर ९० टक्के का भरला, याचं उत्तर बहुतेक तिथे आहे. शेठ मोबाइलवरून जे मेल पाठवतात ते सर्व्हरच्या सेंट फोल्डरमध्ये जातात. तुमच्या पीएसटीत त्यातलं काहीच नाही!

म्हणजे शेठनी कस्टमरला भाव कबूल केलेले, तारखा दिलेले मेल फक्त सर्व्हरवर आहेत. होस्टिंगवाल्याचा मेल बघून उद्या कुणी "सर्व्हर साफ करा, सगळं मॅडमच्या आउटलूकमध्ये आहेच" असं म्हणून ते फोल्डर रिकामं केलं असतं तर?

शेवग्याची_शेंग

अहो, अगदी हेच ठरलं होतं. सोमवारी सर्व्हर साफ करायचं म्हणून. कॉम्प्युटरवाल्याला आत्ताच फोन करून नको म्हणून सांगितलं.

वेबमेल उघडून पाहिलं. सेंट फोल्डर २०१७पासूनचं आहे, शिगोशिग भरलेलं. स्पॅमही खूप आहे.

ताकपिठलं

डिस्कवैद्यांना दंडवत, नेमकं पकडलंत.

सर्व्हरवरचं सेंट खाली आणायला थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. दुसऱ्या पीसीवर हेच खातं आयमॅपने लावा आणि सेंट फोल्डरातले मेल लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा. कॉपी, मूव्ह नाही. मूव्ह करताना मधेच नेट गेलं तर काय इकडे आलं आणि काय तिकडे राहिलं याचा घोळ निस्तरत बसावं लागतं. एकेका वर्षाचे घ्या, दोन्हीकडची मेलची संख्या जुळवा, मधलेच काही मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा. त्यानंतरच सर्व्हरवरून काढा. स्पॅम आणि ट्रॅश आधी रिकामं केलंत तरी चालेल, तेवढीच तातडीची जागा होईल. स्पॅमवर एकदा नजर मात्र फिरवा, नवीन कस्टमरची एन्क्वायरी तिथे जाऊन पडायची खोड असते.

माझं प्रांजळ मत: पीएसटीचा नादच सोडा आणि कायमच्या थंडरबर्डवर या. तिथे एका फोल्डरला एक फाइल असते आणि ती साधी टेक्स्ट असते. बिघडली तरी नोटपॅडसारख्या एडिटरमध्येही मजकूर दिसतो. पीएसटी बिघडली की स्कॅनपीएसटीपुढे (आउटलूकचं दुरुस्तीचं टूल) हात जोडून बसा.

डिस्कवैद्य

@ताकपिठलं, इथे मतभेद. थंडरबर्डमध्येही डिलीट केलेला मेल फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत फाइलमध्येच असतो. एकाच इनबॉक्समध्ये तीस-चाळीस हजार मेल कोंबणारा माणूस तिथेही तेच करणार. माणूस बदलत नाही हो, नुसतं सॉफ्टवेअर बदलून काय होणार. शिवाय या ताईंना उद्या सकाळी डिस्पॅच करायचंय, नवीन प्रोग्रॅम शिकत बसायला वेळ कुठला.

स्कॅनपीएसटीबद्दल मात्र सहमत. ते फाइलचा सांगाडा दुरुस्त करतं. तुमचे मेल वाचवणं हे त्याचं काम नाही, जे जुळत नाही ते टाकूनही देतं. म्हणून ते नेहमी कॉपीवर चालवायचं. मूळ फाइलवर कधीच नाही.

ताकपिठलं

माणूस बदलत नाही हे मान्य. माघार. :)

कृष्णाकाठचा

थोडं अवांतर, पण विषय तोच. मी सिंगापूरला, आईबाबा सांगलीत. बाबांचं जीमेल भरलंय. बँकेचे मेल येत नाहीत म्हणून कळलं. त्यांनी मेल डिलीट करायचा सपाटा लावलाय, तरी १५ जीबी भरलेलेच दाखवतंय. मी इथून काय करू शकतो?

ताकपिठलं

आधी बाबांना थांबवा. मेल डिलीट करून फारसं काही सुटणार नाही. ते १५ जीबी २०१३पासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात सामाईक आहेत. १ जून २०२१पासून फोटोंचा हिशेबही त्यातच धरतात, आणि अलीकडे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपसुद्धा. बाबांच्या फोनवर सकाळचे सुप्रभात संदेश आणि नातवंडांचे व्हिडिओ येत असतील तर खरा चोर तिथे आहे. गूगलच्या स्टोरेज पानावर कशाने किती जागा खाल्ली ते वेगवेगळं दिसतं, बाबांना व्हिडिओ कॉलवर घेऊन तेवढं एकदा बघा. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले तरी बरंच मोकळं होतं.

मेलमधलंच काढायचं असेल तर जीमेलच्या शोधखिडकीच्या उजव्या टोकाला एक चिन्ह आहे, ते दाबलं की साइज भरायची सोय येते. १० एमबीच्या वरचे मेल काढून बघा. शंभर लहान मेल उडवून जे होत नाही ते असल्या दोन-चार मेलने होतं. आणि लक्षात असू द्या, 'अर्काइव्ह' दाबून जागा वाचत नाही, मेल फक्त इनबॉक्समधून दिसेनासा होतो. डिलीट केलेले ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात.

हे सगळं करण्याआधी गूगल टेकआउटमधून मेलची एक प्रत काढून घ्या. एमबॉक्स फाइल मिळते, थंडरबर्डमध्ये उघडता येते. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते, त्यामुळे आल्या आल्या उतरवा.

कृष्णाकाठचा

तुमचं खरं निघालं, व्हॉट्सअॅप बॅकअप! आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपचे व्हिडिओ. काढायला सांगितले तर आई रुसेल, त्यामुळे ते बाबांच्या लॅपटॉपवर उतरवून मग काढले. टेकआउटही लावलंय.

अजून एक शंका. आईचंही एक जीमेल आहे, ते कुणी उघडतच नाही. त्यात जुने फोटो आहेत.

ताकपिठलं

मग वर्षातून एकदा तरी लॉगिन करा. दोन वर्षं न वापरलेली खाती बंद करून त्यातला मजकूर काढून टाकायचं धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केलंय. सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर असतो. खातं ठरावीक काळ पडून राहिलं तर डेटा कुणाला मिळावा ते त्यात भरून ठेवता येतं. तुमचं नाव टाका.

पर्वतीवरून

सगळं वाचतोय. एवढी उस्तवार कशाला, जीमेलसारख्या मोठ्या कंपनीकडे ठेवलं की त्यांच्याकडे बॅकअप असतोच की. ते कशाला हरवतील?

डिस्कवैद्य

काका, हरवले होते. फेब्रुवारी २०११मध्ये जीमेलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या दोषाने काही लोकांचे मेलबॉक्स रिकामे दिसायला लागले. गूगलच्या हिशेबाने फार तर ०.०२ टक्के वापरकर्ते. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या प्रतींनाही त्या दोषाने गाठलं. मेल परत आले ते टेपवरच्या बॅकअपमधून, कारण टेप ऑफलाइन होत्या आणि दोष तिथपर्यंत पोचलाच नाही. म्हणजे गूगलचाही जीव शेवटी कपाटातल्या टेपने वाचवला.

दुसरं असं की, कंपनीचा बॅकअप कंपनीच्या चुकीसाठी असतो. तुमच्याच माणसाने फोल्डर डिलीट केलं तर ते कंपनीच्या लेखी तुम्ही दिलेला हुकूम आहे. आयमॅपमध्ये तर मोबाइलवर उडवलेला मेल लॅपटॉपवरूनही जातो. "मोबाइलवर आहे, लॅपटॉपवर आहे, सर्व्हरवर आहे, म्हणजे तीन कॉप्या" असं बरेच जण म्हणतात. ती एकच कॉपी असते, तीन ठिकाणी दिसते एवढंच.

आकडेमोडे

हे शेवटचं वाक्य प्रिंट काढून ऑफिसात लावतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शेवग्याची_शेंग

अपडेट देते. नवीन डिस्क आली, एनटीएफएस केली, पूर्ण पीएसटी कॉपी झाली. ती दुसऱ्या पीसीवर आउटलूकमध्ये उघडून पाहिली, २०१४चे मेल दिसले, ड्रॉइंगही उघडलं. शेठच्या सेंटचं काम थंडरबर्डवर चालू आहे, एकेक वर्ष. सर्व्हरचा स्पॅम आणि ट्रॅश रिकामं केलं, आणि थोडे पैसे भरून होस्टिंगचा क्वोटाही वाढवून घेतला.

आता नवीन घोटाळा. आउटलूकचं अर्काइव्ह वापरून ३१ मार्च २०१९पर्यंतचे मेल वेगळ्या पीएसटीत हलवायला गेले, तर मोजके मेल हलले. बाकीचे २०१५चे, २०१६चे जागच्या जागी. तारीख बरोबर टाकली आहे, तीनदा तपासली.

डिस्कवैद्य

तुमचं काही चुकलेलं नाही, ही आउटलूकची जुनी खोड आहे. अर्काइव्ह करताना ते मेल आल्याची तारीख आणि मेलमध्ये शेवटचा बदल झाल्याची तारीख या दोन्हींपैकी जी नंतरची असेल ती धरतं. उत्तर दिलं, फॉरवर्ड केला, दुसऱ्या फोल्डरात हलवला, की बदल झाल्याची तारीख पुढे सरकते. मधे पीसी बदलून मेल इम्पोर्ट केले होते का? केले असतील तर त्या सगळ्यांची तारीख इम्पोर्टच्या दिवसाची झाली असेल.

रजिस्ट्रीतून यावर उपाय आहे, पण तुम्हाला त्यात उतरवत नाही. साधा मार्ग: न्यू आयटम्स, मोअर आयटम्स, आउटलूक डेटा फाइल, असं करून 'मेल २०१४-१६' नावाची नवी पीएसटी बनवा. इनबॉक्स तारखेने लावा, त्या वर्षांचे मेल एका वेळी पाचशे-हजार असे निवडून नव्या फाइलमध्ये हलवा. इथे मूव्ह चालेल, कारण पूर्ण कॉपी कपाटात आहे. मग सेंट आयटम्सचंही तसंच. ते लोक विसरतात, आणि खरा जाडजूड माल तिथेच असतो, कारण आपणच अटॅचमेंट जोडलेल्या असतात. प्रत्येक फाइल १० जीबीच्या आत ठेवा. नव्या फाइल नीट उघडतात हे पाहिलं की मुख्य पीएसटीला कॉम्पॅक्ट नाऊ, शनिवारी संध्याकाळी, यूपीएस लावून. मग नव्या फाइल्सचीही डिस्कवर एकेक प्रत.

साक्षीपुरावा

आणि पहिली ४६ जीबीची कॉपी नंतर जागा हवी म्हणून पुसू नका. ती जशी होती तशीच राहू दे.

पर्वतीवरून

ताई, त्या होस्टिंगवाल्यांचा मेल आला म्हणून तुम्हाला कळलं तरी. मेलबॉक्स खरोखर भरला असता तर काय झालं असतं? पाठवणाऱ्याला कळतंच की.

ताकपिठलं

कळतं, पण कुणाला? मेलबॉक्स भरला की सर्व्हर एकतर तात्पुरता नकार देतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो आणि मग हात टेकतो. किंवा सरळ कायमचा नकार, म्हणजे मेल लगेच परत. दोन्हीत सूचना जाते पाठवणाऱ्याला. पाठवणारा माणूस असेल तर तो फोन करेल. पण मोठ्या कंपन्यांचे पीओ आणि शेड्यूल हल्ली सिस्टिममधून 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून सुटतात. परत आलेला मेल त्या पत्त्यावर जाऊन पडतो, तो कुणी बघत नाही. कस्टमरच्या सिस्टिममध्ये शेड्यूल गेलेलं, तुमच्याकडे आलेलंच नाही, आणि महिनाअखेरीस डिलिव्हरी रेटिंग मात्र तुमचं खाली!

शेवग्याची_शेंग

रेटिंगचं नाव काढू नका, अंगावर काटा येतो.

बरं, मूव्ह सुरू केलंय, २०१४-१६ झालं. मोकळा श्वास घेतला. पण हे पुन्हा भरणारच ना? शेठ विचारतायत की ५० जीबीचा मेलबॉक्स मिळतो तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅन घेऊन टाकू का.

डिस्कवैद्य

घ्या, चांगला आहे, पीओपी आणि आयमॅपची ही खिचडी तरी सुटेल. पण तुमच्याकडे ड्रॉइंग मेलमध्ये राहतायत तोवर तोही भरेल. शिवाय अटॅचमेंट मेलमधून जाताना एन्कोडिंगमुळे मुळापेक्षा साधारण एक-तृतीयांश फुगते. १५ एमबीचं ड्रॉइंग मेलबॉक्समध्ये २० एमबी खातं, आणि तेच तुम्ही शॉपफ्लोअरला, क्वालिटीला, प्लेटिंगवाल्याला फॉरवर्ड केलं की प्रत्येक वेळी पुन्हा तेवढंच.

ड्रॉइंग आलं की त्याच दिवशी सेव्ह करायचं, कस्टमर, पार्ट नंबर, रिव्हिजन असं फोल्डर करून. जुन्या रिव्हिजनच्या फाइलच्या नावात 'रद्द' लिहायचं, पण काढायची नाही. तुमच्या शेठना २०१६चं ड्रॉइंग मेलमध्ये सापडलं ते नशीब. त्या पार्टच्या दोन रिव्हिजन असत्या आणि सर्चमध्ये आधी जुनी वर आली असती तर अख्खा लॉट चुकीच्या मापाने गेला असता.

बिनधास्त_बंड्या

धागा वाचून मीपण एक हार्डडिस्क मागवली. कुणाला सांगू नका.

शेवग्याची_शेंग

बंड्याभाऊ, गुपित राहील. :)

एक शेवटचं विचारते. त्या दुसऱ्या पीसीवर आउटलूकच्या वरच्या कोपऱ्यात "नवीन आउटलूक वापरून पहा" असं बटण येतंय. दाबू का? जुन्या पीएसटी त्यात दिसतील ना?

डिस्कवैद्य

नका दाबू. नवीन आउटलूक हा वेगळाच प्रोग्रॅम आहे, पीएसटी हाताळायच्या बाबतीत तो क्लासिकची (म्हणजे तुमच्या जुन्या आउटलूकची) बरोबरी करत नाही. चुकून दाबलं गेलं तर तेच बटण उलट सरकवून परत येता येतं, घाबरायचं कारण नाही. क्लासिक आउटलूक किमान २०२९पर्यंत चालू ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तोवर तुमच्या सगळ्या वर्षांच्या फाइल लावून होतील. २०१७-१८चं करताना अडलं तर इथेच लिहा, व्यनि (खाजगी निरोप) नको, बाकीच्यांनाही उपयोग होईल.